खासगी शाळा आणि शेजारचीं मुलें

कोणत्याही शाळेची योग्यता ठरवावयाची झाली म्हणजे आपण तिच्या परीक्षांचे निकाल पाहतों, तिची इमारत, ग्रंथालय व क्रीडांगण पाहतों, आणि तिच्या माजी विद्यार्थ्यांपैकीं कितीजण मोठ्या पदांस चढले हें विचारतों. हीं मापें खोटीं नाहींत. परंतु आणखी एक माप आहे, तें फारसें कोणी लावीत नाहीं. कारण तें लावण्यास खर्च येत नसला तरी त्याचें उत्तर ऐकण्यास धैर्य लागतें. तें माप असें: शाळेच्या फाटकाबाहेर उभें राहून रस्त्यानें जाणारीं मुलें पाहावीं, नंतर आंत जाऊन बाकांवर बसलेलीं मुलें पाहावीं, आणि हीं दोन्ही एकाच गांवचीं मुलें आहेत असें वाटतें काय, हें आपल्या मनास विचारावें.

हा प्रश्न ज्या देशांत वारंवार न्यायालयापर्यंत गेला, आणि ज्याचीं उत्तरें तेथील लोकांस आंकड्यांत मांडून पाहावीं लागलीं, तो देश अमेरिका होय. तेथें पुष्कळ वर्षें मुलाच्या कातडीच्या रंगावरून त्याची शाळा ठरत असे. त्या देशाची हकीगत आपण कां वाचावी, असें कोणी विचारील. महाराष्ट्राच्या शिक्षणाचा आणि अमेरिकेचा संबंध जुना आहे. इ.स. १८१३ सालीं मुंबईस उतरून ज्यांनीं मराठी मिशनचा पाया घातला ते अमेरिकन होते. अहमदनगर येथें मिस फरार या अमेरिकन बाईंनीं चालविलेली मुलींची शाळा पाहूनच जोतीराव फुले यांस स्त्रीशिक्षणाची प्रेरणा मिळाली. आणि त्याच जोतीरावांनीं इ.स. १८७३ मध्यें आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, दास्यविमोचनाच्या कार्याबद्दल, अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला. जोतीरावांनीं ज्यांचा असा गौरव केला, त्यांच्या देशानें मुक्त केलेल्या दासांच्या नातवंडांस शाळेंत कोठें बसविलें, हें पाहणें आपणांस अप्रस्तुत होणार नाहीं.

प्रथम आजची स्थिति पाहूं. अमेरिकेंत सुमारें दहांतील नऊ मुलें सरकारी, म्हणजे लोकांच्या करावर चालणाऱ्या, शाळांत जातात; उरलेलीं खासगी शाळांत. इ.स. २०१४ पासून सरकारी शाळांत गोऱ्या मुलांची संख्या निम्म्याहून खालीं आली. २०२१ च्या सुमाराचे आंकडे घेतले तर सरकारी शाळांतील शंभर मुलांत सुमारें ४५ गोरीं, २८ हिस्पानिक व १५ कृष्णवर्णीय असतात. खासगी शाळांतील शंभरांत मात्र गोरीं मुलें सुमारें ६५, हिस्पानिक सुमारें १२ आणि कृष्णवर्णीय सुमारें ९ असतात. हे सबंध देशाचे सरासरी आंकडे झाले. दक्षिणेकडील कांहीं तालुक्यांएवढ्या लहान जिल्ह्यांत हें अंतर इतकें वाढतें कीं, सरकारी शाळा जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय आणि खासगी शाळा जवळजवळ सर्व गोरी, अशी दोन निराळीं गांवें एकाच गांवांत नांदतांना दिसतात. आज कोणताही कायदा असें करा म्हणून सांगत नाहीं. उलट तसें करण्यास कायद्याची मनाई आहे. मग हें घडलें कसें?

याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, खासगी शाळा दोन अगदीं भिन्न हेतूंनीं निघाल्या. एक हेतु, सरकार ज्यांस शिकवीत नाहीं त्यांस शिकवावें हा. यादवी युद्धानंतर दास्यांतून सुटलेल्या लक्षावधि लोकांसाठीं दक्षिणेंत शाळा काढणाऱ्यांत इ.स. १८४६ सालीं स्थापन झालेली अमेरिकन मिशनरी असोसिएशन प्रमुख होती. १८६६ चें फिस्क व १८६८ चें हॅम्प्टन हीं विद्यालयें तिच्याच साहाय्यानें उभीं राहिलीं. केंटकी राज्यांत जॉन फी या धर्मोपदेशकानें १८५५ सालीं आरंभिलेलें बेरीया विद्यालय तर याहूनही पुढें गेलें. तेथें १८६६ पासून गोरीं व कृष्णवर्णीय मुलें एकाच वर्गांत शिकत असत. हें राज्यास सहन झालें नाहीं. १९०४ सालीं केंटकीच्या विधिमंडळानें खासगी शाळेंतही दोन वर्णांच्या मुलांस एकत्र शिकविण्याची बंदी करणारा कायदा केला, आणि १९०८ सालीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें तो उचलून धरला. न्यायमूर्ति हार्लन, जे स्वतः केंटकीचेच, त्यांनीं विरुद्ध मत नोंदविलें, पण तें अल्पमत होतें. १९५० सालीं कायदा शिथिल झाला तेव्हां कोठें बेरीयाचें दार पुन्हां सर्वांस उघडलें. येथें खासगी शाळेची सदसद्विवेकबुद्धि जागी होती, आणि सरकारच दार लावीत होतें, ही गोष्ट आपण विसरतां कामा नये.

दुसरा हेतु याच्या नेमका उलट: सरकार ज्यांस आपल्या मुलांशेजारीं बसवूं पाहतें त्यांच्यापासून दूर पळावें हा. याचें सर्वांत स्पष्ट उदाहरण व्हर्जिनिया राज्यांतील प्रिन्स एडवर्ड जिल्ह्याचें आहे. तेथील फार्मव्हिल गांवीं कृष्णवर्णीय मुलांचें मोटन हायस्कूल होतें. इमारत १८० मुलांसाठीं बांधलेली, मुलें मात्र ४५० च्या घरांत. जादा वर्ग डांबरी कागदानें मढविलेल्या खोपटांत भरत. इ.स. १९५१ च्या एप्रिल महिन्याच्या २३ तारखेस बार्बरा जॉन्स नांवाच्या सोळा वर्षांच्या मुलीनें सर्व विद्यार्थ्यांस सभागृहांत जमवून संप पुकारला. आरंभीं मुलांची मागणी एवढीच कीं, आम्हांस नीट इमारत द्या. वकिलांनीं सांगितलें कीं, दावा लढावयाचा तर वर्णभेदाच्या मुळावरच लढूं. पालकांनीं तें मान्य केलें. तो दावा ज्या पांच दाव्यांचा निकाल १७ मे १९५४ रोजीं एकत्र लागला त्यांपैकीं एक होय. सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य आहे, असें त्या दिवशीं ठरलें.

निकाल मुलांच्या बाजूनें लागला, शाळा मात्र मिळाली नाहीं. १९५९ सालीं न्यायालयाचा हुकूम टाळण्याचा दुसरा उपाय उरला नाहीं असें पाहून जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनीं शाळांसाठीं पैसाच मंजूर केला नाहीं, आणि सर्व सरकारी शाळांस कुलपें लागलीं. गोऱ्या मुलांसाठीं त्याच वर्षीं प्रिन्स एडवर्ड अकॅडमी ही खासगी शाळा निघाली. तिचे पहिले वर्ग गांवांतील निरनिराळ्या इमारतींत, आणि सांगावयास खेद वाटतो, कांहीं प्रार्थनामंदिरांतही भरले. सुमारें १७०० कृष्णवर्णीय मुलें घरीं बसलीं. कांहीं नातलगांकडे परगांवीं गेलीं. कांहींस क्वेकर मंडळींनीं दूरच्या राज्यांतील कुटुंबांत ठेवून शिकविलें. पुष्कळांचें शिक्षण कायमचें तुटलें. गोऱ्यांतील कांहीं गरीब मुलेंही या कुलपांमागें अडकलीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. रेव्हरंड ग्रिफिन या कृष्णवर्णीय बाप्टिस्ट पाळकांनीं आपल्या मुलांच्या वतीनें झुंज चालू ठेविली, आणि २५ मे १९६४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शाळा उघडावयास लावल्या. पांच वर्षें गेलीं होतीं. सात वर्षांचें मूल बारा वर्षांचें झालें होतें. त्या मुलांस न्यायालय निकाल देऊं शकलें, बालपण परत देऊं शकलें नाहीं. व्हर्जिनियानें २००४ सालीं, म्हणजे चाळीस वर्षांनंतर, अशा वंचितांसाठीं शिष्यवृत्ति ठेविली. तेव्हां त्यांचे केस पिकले होते.

अकॅडमी मात्र चालूच राहिली. तिनें कृष्णवर्णीय विद्यार्थी प्रथम घेतले ते १९८६ मध्यें. आतां तिचें नांवही बदललें आहे. प्रिन्स एडवर्ड हा अपवाद नव्हता. १९६९ च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें मिसिसिपी राज्यांतील शाळांचा वर्णभेद यापुढें एक दिवसही चालतां कामा नये असें बजावतांच, दक्षिणेंत अशा अकॅडम्या पावसाळ्यांतील छत्र्यांप्रमाणें उगवल्या. मिसिसिपीच्या कांहीं जिल्ह्यांत एकदोन वर्षांच्या आंत जवळजवळ सर्व गोरीं मुलें सरकारी शाळा सोडून गेलीं. त्यांतील पुष्कळ शाळांच्या नांवांत ‘ख्रिस्ती’ हा शब्द होता. ज्या नांवानें जगांतील सर्व मुलांस जवळ बोलाविलें, तें नांव मुलांस दूर ठेवण्याच्या पाटीवर रंगविलें गेलें. यावर अधिक लिहिण्याची गरज नाहीं.

कायद्यानें या शाळांचा पाठलाग केला तो पैशाच्या वाटेनें. मिसिसिपींतील होम्स जिल्ह्याच्या कृष्णवर्णीय पालकांनीं प्रश्न केला: ज्या शाळा आमच्या मुलांस घेत नाहींत त्यांस धर्मादाय संस्था म्हणून करमाफी कां? १९७१ सालीं ही माफी बेकायदा ठरली. १९७६ सालीं असें ठरलें कीं, खासगी शाळेसही केवळ वर्णावरून प्रवेश नाकारतां येणार नाहीं. १९८३ सालीं बॉब जोन्स विद्यापीठ व गोल्ड्सबरो ख्रिस्ती शाळा यांनीं, आमचा भेद हा धार्मिक समजुतीचा आहे, असा बचाव केला. आठ न्यायमूर्तींनीं एकाविरुद्ध तो फेटाळला. सार्वजनिक सवलत हवी तर सार्वजनिक नीति पाळा, असा त्या निकालाचा सारांश. मला तो पूर्ण मान्य आहे.

याच काळांत धर्मसंस्थेनें दुसरा मार्गही दाखविला, तो सांगितला नाहीं तर चित्र अपुरें राहील. सेंट लुईस येथील कॅथलिक आर्चबिशप रिटर यांनीं १९४७ सालींच, म्हणजे न्यायालयाच्या निकालापूर्वीं सात वर्षें, आपल्या धर्मप्रांतांतील शाळांतून वर्णभेद काढून टाकला. रागावलेल्या पालकांस त्यांनीं मुळींच जुमानलें नाहीं. न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप रमेल यांनीं १९६२ सालीं तेंच केलें, आणि उघड विरोध करणाऱ्या तिघांस धर्मबहिष्कृत केलें. पुढें उत्तरेकडील मोठ्या शहरांत गोरीं कुटुंबें उपनगरांत निघून गेलीं तेव्हां मागें राहिलेल्या कित्येक कॅथलिक शाळांनीं वस्तींतील कृष्णवर्णीय मुलें, तीं कॅथलिक नसतांही, शिकविलीं. कोणत्या शाळा कोणाच्या, हें रंगावर नव्हे तर चालकांच्या निश्चयावर अवलंबून असतें, याचा हा पुरावा होय.

येथें एक न्याय्य आक्षेप येतो. खासगी शाळांसच दोष कां? सरकारी शाळा तरी कोठें सर्वांच्या आहेत? हा आक्षेप खरा आहे. अमेरिकेंत मूल राहतें त्या हद्दींतील शाळेंत जातें, आणि शाळेचा पुष्कळसा पैसा त्याच हद्दींतील घरपट्टीसारख्या करांतून येतो. श्रीमंतांची वस्ती तेथें श्रीमंत शाळा. टेक्सासच्या गरीब पालकांनीं या रीतीस दिलेल्या आव्हानाचा निकाल १९७३ सालीं लागला. पांच न्यायमूर्ति त्यांच्या विरुद्ध व चार बाजूनें गेले. १९७४ सालीं डेट्रॉइट शहर व त्याचीं उपनगरें यांच्या शाळा एकत्र करण्याचा प्रश्न आला. तेथेंही पांचांनीं चौघांवर मात केली, आणि शहराची हद्द ही भिंतच राहिली. म्हणजे महाग घर विकत घेणें हीदेखील एक प्रकारची फीच होय. ती शाळेच्या कचेरींत भरावी लागत नाहीं, एवढेंच. ज्यास उपनगरांत घर घेतां येतें त्यानें खासगी शाळेच्या नांवानें बोटें मोडूं नयेत.

दुसरा आक्षेप पालकांच्या हक्काचा. मूल सरकारचें नव्हे, आईबापांचें आहे. त्यांनीं कोणती शाळा निवडावी हें त्यांनींच ठरवावें. हेंही खरें. ऑरेगन राज्यानें १९२२ सालीं सर्व मुलांस सरकारी शाळेंत घालण्याची सक्ति केली ती १९२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें रद्द केली, व तें योग्यच झालें. नाहींतर बेरीयासारख्या शाळेस जगांत जागाच उरली नसती. शिवाय मिलवॉकी शहरांत १९९० सालीं गरीब मुलांस खासगी शाळेची फी सरकारांतून देण्याची योजना निघाली, तिच्या पुरस्कर्त्या पॉली विल्यम्स या स्वतः कृष्णवर्णीय होत्या. आमचीं मुलें वाईट शाळेंत अडकवून ठेवण्याचा कोणास अधिकार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. हें ऐकून कोणत्याही शिक्षकास मान खालीं घालावी लागेल.

तेव्हां माझें मत असें आहे. पालकास निवडण्याचा हक्क असावा, आणि तो गरीब पालकासही असावा. परंतु शाळेस मुलें निवडण्याचा जो हक्क आपण मुकाट्यानें देऊन बसलों आहों, तो वेगळा. पहिल्या हक्कानें मुलापुढील वाटा वाढतात; दुसऱ्यानें त्या कमी होतात. ‘खासगी’ या शब्दाच्या आड बहुधा हा दुसरा हक्क पहिल्याचा वेष घालून उभा असतो. अमेरिकेंत वर्णाचें नांव घेऊन मूल नाकारणें बंद झालें, तरी फी, मुलाखत, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांस अग्रक्रम, लांबचें अंतर, अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या चाळण्यांतून गाळून शेवटीं जवळजवळ तेच चेहरे बाकांवर येतात. या चाळणीमागें कोणी दुष्ट मनुष्य बसलेला नसतो. कोणीच कांहीं केलें नाहीं तर ती आपोआप चालते. यांतच तिचें बळ आहे.

आतां घरचें पाहूं. आपल्याकडे कातडीचा प्रश्न नाहीं. जातीचा व ऐपतीचा आहे, आणि तो चेहऱ्यावर दिसत नसल्यामुळें लपविणें सोपें जातें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें खासगी शाळांच्या प्रवेशवर्गांतील शेकडा २५ जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठीं ठेविल्या. महाराष्ट्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें नियम बदलून, एक किलोमीटरच्या आंत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित खासगी शाळेस या बंधनांतून मोकळें केलें. गरिबाचें मूल गरिबाच्या शाळेंत, असा त्याचा अर्थ झाला असता. मुंबई उच्च न्यायालयानें त्याच वर्षींच्या जुलैंत तो बदल रद्द केला.

अल्पसंख्याकांनीं चालविलेल्या शाळांस, म्हणजे आपणासारख्या मिशनच्या शाळांस, हा कायदा लागू नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ठरविलें. त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा म्हणून त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं २०२५ सालीं तो प्रश्न पुढें पाठविला आहे. निकाल काय लागेल तो लागो. अल्पसंख्याकांस आपल्या शाळा आपल्या रीतीनें चालविण्याचें स्वातंत्र्य असावें, या मताचा मी आहें. परंतु हें स्वातंत्र्य बेरीयासारखें वापरावयाचें कीं अकॅडमीसारखें, हें कोणतें न्यायालय आपणांस सांगणार? कायद्यानें सूट दिली म्हणून सदसद्विवेकबुद्धीस सूट मिळत नाहीं. ज्या मिशनांनीं, ज्यांस कोणी अक्षर शिकवीत नव्हतें अशांच्या वस्तींत जाऊन शाळा काढल्या, त्यांच्या शाळांपुढें आज मोटारींची रांग लागते, आणि भिंतीपलीकडील वस्तींतील मुलें नगरपालिकेच्या शाळेंत जातात, असें जर कोठें दिसलें, तर त्या शाळेचें नांव तेंच असलें तरी तिची जात बदलली, असें म्हणावें लागेल.

यावर मोठी योजना सुचविण्याचा माझा अधिकार नाहीं. एक लहान सूचना मात्र करितों. शाळांच्या वार्षिक अंकांतून शालान्त परीक्षेचा निकाल, खेळांचीं पारितोषिकें, देणगीदारांचीं नांवें छापलीं जातात. त्यांच्याच शेजारीं प्रत्येक खासगी शाळेनें दरवर्षीं चार ओळी छापाव्या: शाळेपासून अर्ध्या कोसाच्या आंत राहणारीं मुलें किती, पूर्ण फीमाफी असलेलीं किती, घरांतील पहिलेंच शिकणारें मूल असें किती, आणि अर्ज करूनही ज्यांस जागा दिली नाहीं त्यांत अशीं किती. कोणाचें नांव नको, कोणाची जात उघड करणें नको; फक्त संख्या. जवळच्या नगरपालिका शाळेनेंही तशाच चार ओळी छापाव्या, म्हणजे दोन्ही ताडून पाहतां येतील. अमेरिकेंत हा प्रश्न सुटला नाहीं, तरी तो नाकारतां येत नाहीं, कारण तेथें मोजदाद होते. आपण मोजीतच नाहीं, म्हणून आपणांस प्रश्नच नाहीं असें वाटतें.

आणि विद्यार्थिमित्रहो, दोन शब्द तुम्हांस. शाळा कोणास घेते हें तुमच्या हातीं नाहीं. परंतु घेतलेल्यांस वर्गांत खरी जागा मिळते कीं नाहीं हें बहुतेक तुमच्याच हातीं आहे. फीमाफीवर आलेला मुलगा डबा खातांना एकटा बसत असेल, तर शाळेनें उघडलेलें दार तुम्हीं आंतून पुन्हां लाविलें असें होईल. फार्मव्हिलच्या मोटन हायस्कुलांतील मुलें तुमच्याच वयाचीं होतीं. मोठीं माणसें वाट पाहा म्हणत असतां त्यांनीं आपल्या इमारतीचा प्रश्न विचारला, आणि त्यांतून सबंध देशाचा प्रश्न निघाला. तुम्हीं संप करावा असें मी म्हणत नाहीं. उद्यां फाटकांतून आंत येतांना क्षणभर थांबून बाहेर पाहा, मग आंत पाहा; आणि जें दिसेल त्याविषयीं आपल्या शिक्षकांस विचारा. उत्तर देणें हें आमचें कर्तव्य आहे.